गुरू शिष्याचे पाय धुतो तेव्हा

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी वसईकडच्या एखाद्या चर्चमध्ये गेले, तर वेदीसमोर बारा खुर्च्या मांडलेल्या दिसतात. प्रवचन संपले की धर्मगुरू अंगावरचा भरजरी झगा उतरवून ठेवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकतात. शेजारी उभा असलेला सेवक तांब्यातले पाणी ओततो, खाली तस्त धरलेले असते. खुर्चीतला माणूस संकोचाने एक पाय पुढे करतो. पाय घरूनच स्वच्छ धुऊन आलेले असतात, तरी ते पुढे करताना बहुतेकांची मान खाली जाते. धर्मगुरू पाय धुतात, पुसतात, काही ठिकाणी वाकून त्या पायाचे चुंबन घेतात आणि पुढच्या खुर्चीकडे सरकतात.

मराठी माणसाला पाय धुण्याचे अप्रूप नाही. दारी आलेल्या पाहुण्याला आधी पायांवर घ्यायला पाणी द्यायचे, ही आपली जुनी रीत. लग्नात वधुपिता जावयाचे पाय धुतो, शिष्य गुरूची पाद्यपूजा करतो. या सगळ्यांत धुणारा धाकटा आणि ज्याचे धुतले जातात तो थोरला, हे ठरलेले. पवित्र गुरुवारच्या विधीत नेमके हेच उलटे होते. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू उठतो आणि बारा शिष्यांचे पाय धुतो. त्या काळच्या पॅलेस्टाईनमध्ये धुळीने माखलेले पाय धुणे हे घरातल्या गुलामाचे काम. त्यांतला पेत्र हे सहन करू शकत नाही. आपल्या गुरूने आपल्या पायाला हात लावावा, हे त्याला पटत नाही आणि तो साफ नकार देतो. येशू त्याला समजावतो, मगच तो पाय पुढे करतो. त्या बारांत यहूदाही होता. तो थोड्याच वेळात उठून गुरूला पकडून द्यायला जाणार होता आणि येशूला ते ठाऊक होते. तरी त्याचेही पाय धुतले गेले.

ख्रिस्ती माणूस नम्रता, स्वागत आणि कृपा हे तीन शब्द रोज ऐकतो. या एका प्रसंगात तिन्ही आहेत, आणि तिन्ही हातापायांनी करायच्या गोष्टी आहेत. मनात नम्र भाव बाळगणे सोपे असते. कुणाच्या पुढे गुडघे टेकायचे, कुणाला शेजारी बसवायचे, कुणाच्या हातचे खायचे, हे प्रश्न आले की मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती समुदायाची, खरी परीक्षा सुरू होते. ही परीक्षा दोन हजार वर्षे चालू आहे. तिच्यात मंडळी वारंवार नापास झाली आहे, पुन्हा बसलीही आहे.

पहिली नापासी तर बायबलमध्येच नोंदवलेली आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांचे प्रभुभोजन म्हणजे एकत्र जेवणच असे. खाऊनपिऊन सुखी असलेले लवकर येऊन जेवून घेत आणि राबणारे गरीब उशिरा पोचत ते उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावले. अंत्युखियात खुद्द पेत्र आधी यहुदी नसलेल्यांच्या पंक्तीला बसत होता. यरुशलेमहून काही कडक मंडळी आली, तसा तो हळूच त्या पंक्तीतून उठला. पौलाने त्याला चारचौघांत जाब विचारला. याकोबाच्या पत्रात तर बसण्याच्या जागेचीच गोष्ट आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी जागा, असे करणाऱ्या मंडळीला तो सरळ दोषी ठरवतो. पंक्तिभेद म्हणजे काय ते महाराष्ट्राला निराळे सांगायला नको, त्यामुळे ही जुनी पत्रे इथल्या वाचकाला फार जवळची वाटतात.

पाय धुण्याचा विधी मधल्या शतकांत मुख्यतः मठांत आणि मोठ्या कॅथेड्रलांत चालत राहिला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जे नियम लिहिले, त्यांत आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आल्यासारखे करावे, असे सांगितले आहे. मठाधिपतीने पाहुण्याच्या हातांवर पाणी घालायचे आणि सगळ्या मठवासीयांनी मिळून त्याचे पाय धुवायचे. त्यातली एक सूचना फार शहाणपणाची आहे. गरिबांच्या आणि यात्रेकरूंच्या स्वागताकडे अधिक लक्ष द्यावे, कारण श्रीमंताला मान आपोआप मिळतो. दारावर कोणी बसावे, हेही बेनेडिक्टने ठरवून दिले. तिथे समंजस, वयस्क माणूस हवा आणि गरिबाने हाक मारताच त्याने आधी देवाचे आभार मानावेत.

1955 मध्ये पोप पायस बारावे यांनी पवित्र आठवड्याच्या विधींत सुधारणा केली आणि हा विधी गावोगावच्या चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, करता येऊ लागला. मात्र नियमात निवडलेले पुरुष, असेच शब्द होते. त्यामुळे बारा खुर्च्यांवर बारा पुरुष बसत, आणि अनेक ठिकाणी ते गावातले प्रतिष्ठित असत. मग 28 मार्च 2013 ला, निवडून येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले पोप फ्रान्सिस रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले. तिथे त्यांनी बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. जगभरचे कॅथॉलिक थक्क झाले, काही जण नाराजही झाले. नियमात बसत नाही, ही तक्रार खरीच होती. जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलला आणि स्त्रियांचे पाय धुण्याची वाट सर्वत्र खुली झाली. त्याच वर्षी रोमजवळच्या निर्वासित केंद्रात ज्यांचे पाय धुतले गेले, त्यांत सिरिया, माली आणि पाकिस्तानचे मुस्लिम होते आणि भारतातला एक हिंदूही होता. 2024 मध्ये फ्रान्सिस रेबिब्बिया इथल्या महिला तुरुंगात गेले. तेव्हा त्यांना गुडघे टेकवत नव्हते. बारा स्त्रियांना उंच चौथऱ्यावर बसवले आणि व्हीलचेअरवरून त्यांनी एकेकीचे पाय धुतले. पुढच्या वर्षी, मरणाच्या चार दिवस आधी, ते पुन्हा तुरुंगात कैद्यांना भेटून आले, पण पाय धुण्याइतकी ताकद उरली नव्हती.

प्रोटेस्टंटांतही हा विधी आहे. 1708 मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या ब्रेदरन पंथात त्याचे रूप वेगळे आणि फार अर्थपूर्ण आहे. त्यांच्या प्रीतिभोजनात आधी पाय धुणे, मग साधे जेवण, मग प्रभूची भाकर आणि प्याला. पाय धुणारा फक्त पाळक नसतो. शेजारी शेजाऱ्याचे धुतो आणि मग स्वतः पाय पुढे करतो. या पंथाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वलसाडला आले आणि पुढे डहाणूपर्यंत पोचले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात इथले ब्रेदरनही सामील झाले. पाय धुणे आणि धुऊन घेणे, दोन्ही प्रत्येकाने करायचे, ही ब्रेदरनांची रीत पेत्राच्या अडचणीला अचूक हात घालते. दुसऱ्याची सेवा करताना आपला वरचा हात शाबूत राहू शकतो, सेवा घेताना तो राहत नाही.

मराठी मुलुखात ही परीक्षा आली ती पाण्याच्या आणि प्याल्याच्या रूपाने. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले. दोन वर्षांत तिथे मंडळी उभी राहिली. प्रभुभोजनात एकच भाकर मोडायची आणि एकाच प्याल्यातून प्यायचे. 1839 मध्ये हरिपंत खिस्ती हे ब्राह्मण तरुण त्या मंडळीत आले. त्यांच्या आधी आणि नंतर आलेल्यांत महार-मांग समाजातले लोक होते. ज्या गावात एका पाणवठ्यावर पाणी भरणे अशक्य होते, तिथे या माणसांनी एका प्याल्याला ओठ लावले. हे किती अवघड होते, ते आज कल्पनेनेच जाणावे लागते. पुढे खिस्ती त्याच मंडळीचे पाळक झाले.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ही अवघड वाट आतून ठाऊक असते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. वेगळी चूल, आपल्या हातचे पाणी, शिवाशिवीचा धसका, हे सगळे त्यांनी न लपवता लिहिले आहे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. घरात एकीकडे ख्रिस्ती मंडळींचा राबता आणि दुसरीकडे बायकोचे सोवळे, असा संसार त्यांनी चालू दिला. जात माणसांनी केली, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना आपले आपणच उमगले आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईला दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिच्या घरात पुढे अनाथ मुले वाढली. घाई न करता वाट पाहणे हेही स्वागतच आहे, आणि त्याचा इतका प्रामाणिक दाखला मराठीत दुसरा सापडणे कठीण.

सगळीकडे असे घडले नाही. दक्षिणेत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत, वेगळे प्रभुभोजन घेत. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे ताबडतोब थांबवा असे पत्र पाठवले, तेव्हा तंजावरमधल्या अनेक कुटुंबांनी मंडळी सोडली, पण जात सोडली नाही. धर्मांतराने अस्पृश्याचे भोग संपत नाहीत, चर्चही त्याला एकाकी सोडते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार परखडपणे लिहून ठेवले आहे. चर्चला ते कबूल करायला बराच काळ लागला. डिसेंबर 2016 मध्ये भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव टिकून असल्याची स्पष्ट कबुली आहे. 2022 मध्ये हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. संस्थेने आपली चूक लेखी मान्य करणे ही नम्रतेची सुरुवात म्हणायला हवी. तिच्या पुढचे पाऊल दफनभूमीत, सोयरिकीत आणि पंच निवडताना टाकावे लागेल.

नम्रतेच्या नावाखाली दुसऱ्याला वाकवणे हा मंडळीतला आणखी एक जुना रोग. त्यावर पंडिता रमाबाईंचे आयुष्य वाचावे. 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात राहून त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मठाने त्यांना आसरा दिला, शिकवले, प्रेमही दिले. सिस्टर जेराल्डिन तर त्यांच्या धर्ममाता. तरी पुढच्या दोन-तीन वर्षांची पत्रे वादांनी भरलेली आहेत. रमाबाई अंडी घातलेले पदार्थ खात नसत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारत. धर्मगुरू सांगतात म्हणून एखादे मत मान्य करायला त्या तयार नव्हत्या. सिस्टरांना यात जुन्या जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंना दिसत होते ते वेगळेच: देवापुढे नमायचे आहे, इंग्रज मठापुढे आणि बिशपांपुढे नव्हे. मनापासून केलेल्या स्वागतातही पाहुण्याने यजमानासारखे व्हावे, अशी अट दडलेली असू शकते. जेराल्डिनबाई वाईट नव्हत्या, त्यांना ती अट दिसलीच नाही.

रमाबाईंनी मात्र हा धडा गिरवला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तिथे येणाऱ्या विधवांना त्यांचे जातीचे नियम पाळायला मोकळीक होती, स्वयंपाक त्यांच्या रीतीने होई. स्वतः ख्रिस्ती झालेल्या बाईने सोवळ्यातल्या मुलींसाठी अशी जागा राखली होती. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या तेव्हा पुण्यात वादळ उठले. 1893 मध्ये सल्लागार मंडळातल्या मोठ्या मंडळींनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. तो विरोध समजण्यासारखा होता, धर्मांतराची भीती निराधार नव्हती. पण त्या घराचे दार ज्यांना दुसरे घर नव्हते त्यांच्यासाठी उघडे राहिले, हेही तितकेच खरे.

मग दुष्काळ आला. दुष्काळातल्या उपासमारीत आईवडील आणि थोरली बहीण गमावलेल्या रमाबाई 1896-97 मध्ये मध्य प्रांतात स्वतः गेल्या. रस्त्यांवर आणि छावण्यांत सापडलेल्या मुलींना त्यांनी दौंडजवळच्या केडगावला आणले. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या आणि केडगावच्या या मुक्तिसदनातली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. अंगावर गळवे, केसांत उवा, कित्येकींना ताटातले अन्नही चोरून लपवायची सवय लागलेली. त्यांना न्हाऊमाखू घालणे हे तिथले पहिले काम असे. आंधळ्या मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकवत. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी वेगळी वास्तू उभारली, तिचे नाव कृपासदन. केडगावात कुणी दयेवर बसून राहत नसे. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई, सगळे बायकाच चालवत. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, कारण त्या काळचे मराठी बायबल खेड्यातल्या बाईला समजत नव्हते. त्याच्या छपाईचे खिळे याच बायकांनी जुळवले. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. संस्कृतात पंडिता म्हणून मानली गेलेली बाई उतारवयात दुष्काळातून आलेल्या मुलींना कळेल असे वाक्य शोधत बसते, यापेक्षा नम्रतेचा मोठा पुरावा कुणी कशाला मागावा?

मंडळीत कोणाला आत घ्यायचे, हा उंबरठ्याचा प्रश्न टिळकांनाही शेवटपर्यंत छळत होता. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. 1919 मध्ये टिळक वारले आणि दरबार पुरता बहरला नाही, पण त्यांनी विचारलेला प्रश्न मराठी मंडळीत राहिला आहे.

आज त्याचे उत्तर लोक आपल्या पायांनी देतात. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावी मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते, तिथे ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने येतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते आणि त्या रांगेत सगळ्या धर्मांचे मुंबईकर उभे असतात. कोणी त्यांना जात-धर्म विचारत नाही. पण मिस्सेत भाकर वाटायची वेळ आली की पाहुणा गोंधळतो. कॅथॉलिक चर्चमध्ये ती भाकर बाप्तिस्मा झालेल्या कॅथॉलिकांनाच दिली जाते. हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे आणि तो पाहुण्यानेही जपावा. काही ठिकाणी मात्र हात छातीशी जोडून पुढे येणाऱ्याला धर्मगुरू आशीर्वाद देतात. नियम न मोडता माणसाला रिकाम्या हाताने परत न पाठवण्याची ही रीत आणखी चर्चमध्ये रुजायला हवी.

कृपेची सर्वांत कठीण कसोटी लागते ती अपराध्यासमोर. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरजवळ उदयनगरच्या वाटेवर सिस्टर राणी मारिया यांना बसमधून ओढून भोसकून मारण्यात आले. भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवण्याचे त्यांचे काम काहींना खुपत होते. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये राणी मारिया यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी गेला, त्यांच्या आईवडिलांना भेटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला राणी मारिया यांना धन्य घोषित करण्याचा सोहळा झाला, त्याला तो हजर होता. या क्षमेने गुन्हा पुसला गेला नाही. त्या घराने फक्त त्याला शत्रू ठेवायचे नाकारले.

प्रत्येक मंडळीला एवढी मोठी कसोटी द्यावी लागत नाही. तिच्या वाट्याला येते ती खुर्च्यांची निवड. म्हणून महाराष्ट्रातल्या धर्मगुरूंना, पाळकांना आणि पंचांना एक विनंती करावीशी वाटते. येत्या पवित्र गुरुवारी बारा नावे काढताना देणगीदारांच्या यादीपासून सुरुवात करू नये. चर्चचे आवार झाडणाऱ्या मावशी, रात्रपाळी करून थेट मिस्सेला येणारी परिचारिका, भाड्याच्या खोलीत राहणारा झारखंडचा मजूर, घटस्फोटानंतर मागच्या बाकावर एकटी बसणारी बाई, आजवर कधीच पुढे न बोलावलेले वस्तीवरचे कुटुंब, यांना आधी विचारावे. ते नको म्हणतील, पेत्रही नकोच म्हणाला होता. त्यांना पुन्हा विचारावे.